चव्वेचाळीस दिवस आणि सात वर्षे

दिवाळी अंकात फुटबॉलवरचा लेख दिसला की काही वाचक पान उलटतील, याची मला कल्पना आहे. त्यांनी जरा थांबावे. मी खेळाविषयी लिहिणार नाही. एका माणसाविषयी, त्याच्यावर लिहिलेल्या एका कादंबरीविषयी, आणि त्या कादंबरीत जे आले नाही त्याविषयी मला लिहावयाचे आहे. फुटबॉलमधले मला तरी काय कळते? शाळेच्या मैदानावर तोंडात शिट्टी धरून पोरांमागे धावणे, एवढाच माझा त्या खेळाशी संबंध. ऑफसाइडचा नियम मला अजून पोरेच समजावून सांगतात, आणि दर वेळी निराळा सांगतात असा मला दाट संशय आहे.

ते पुस्तक आणून दिले माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने. हा मुलगा शाळेत असताना गणितात दर वर्षी गटांगळ्या खायचा. आता पुण्यात चांगल्या नोकरीला आहे. गेल्या दिवाळीत पाया पडावयाला आला, पिशवीतून एक जाड इंग्रजी पुस्तक काढले आणि म्हणाला, "सर, तुम्ही कादंबऱ्या लिहिता म्हणून आणलं. यातला फुटबॉल वगळून वाचा." माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. शब्दकोश उशाशी ठेवून दोन महिने मी ते पुस्तक वाचीत होतो. फुटबॉल काही वगळता आला नाही. उलट त्या माणसाची आणखी दोन-तीन पुस्तके मागवून घ्यावी लागली, आणि घरात "हे काय नवीन?" असा प्रश्न ऐकून घ्यावा लागला.

पुस्तकाचे नाव 'द डॅम्ड युनायटेड'. लेखक डेव्हिड पीस. साल २००६. नायक ब्रायन क्लफ: आधी धंदेवाईक फुटबॉलपटू, आणि मग मॅनेजर. इथे एक खुलासा करावयाला हवा. मॅनेजर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बँकेतला किंवा नाटक कंपनीतला गृहस्थ येतो. इंग्लंडमधल्या फुटबॉलचा मॅनेजर त्याहून फार मोठा आसामी. कुणाला घ्यावयाचे, कुणाला काढावयाचे, कुणी कुठे खेळावयाचे, किती रुपयांना कुणाचा सौदा करावयाचा, हे सारे तोच ठरवितो. संघ जिंकला तर गाव त्याला डोक्यावर घेते आणि हरला तर शनिवारी संध्याकाळी त्याच्या नावाने शिमगा होतो. शाळेचा हेडमास्तर, तालमीचा वस्ताद आणि बाजारातला दलाल, या तिघांचे मिश्रण केले तर असा माणूस तयार होईल.

क्लफ जन्मला १९३५ च्या मार्चमध्ये, ईशान्य इंग्लंडमधल्या मिडल्सब्रो या कारखान्यांच्या गावी. बाप मिठाईच्या कारखान्यात साखरेचा पाक करणारा कामगार. घरात पोरांचे लेंढार. त्या काळी तिकडे वयाच्या अकराव्या वर्षी मुलांची एक परीक्षा घेत. जे पास होतील ते चांगल्या शाळेत, उरलेले दुसऱ्या. क्लफ नापास झाला. पंधराव्या वर्षी कोणताही दाखला न घेता शाळा सोडली आणि रसायनांच्या कारखान्यात लागला. मी मास्तर असल्यामुळे या ठिकाणी थोडा वेळ थबकलो. अकरा वर्षांच्या पोराला एका कागदावर तोलून कायमचे एका बाजूला टाकणारी ती माणसे मला परकी वाटली नाहीत. आम्हीही तेच करतो, फक्त चार-पाच वर्षे उशिरा. क्लफने मात्र तो नापासाचा शिक्का आयुष्यभर खिशात जपून ठेवला आणि संधी मिळेल तेव्हा पदवीधर माणसांना काढून दाखविला.

खेळाडू म्हणून तो असामान्य होता. मिडल्सब्रो आणि सुंदरलंड या दोन संघांकडून लीगच्या २७४ सामन्यांत त्याने २५१ गोल केले. हे बहुतेक सारे दुसऱ्या वर्गाच्या लीगमधले हे खरे, पण गोलाची जाळी वर्ग पाहून लहानमोठी होत नाही. इंग्लंडच्या संघातून त्याला खेळावयास मिळाले फक्त दोनदा, १९५९ मध्ये. आणि मग आला २६ डिसेंबर १९६२ चा दिवस. सुंदरलंडचे मैदान थंडीने टणक झाले होते. चेंडूमागे धावता धावता क्लफ बरी संघाच्या गोलरक्षकावर आदळला आणि त्याच्या गुडघ्याचे स्नायुबंध तुटले. वय सत्तावीस. दीड-एक वर्षाने तो तीन सामन्यांपुरता परत आला, आणि मग वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी सारे संपले.

पीस यांची कादंबरी मागचा काळ सांगू लागते ती इथून. तिची बांधणी मोठी पाहण्यासारखी आहे. दोन धागे आहेत. एक धागा १९७४ च्या उन्हाळ्याचा: क्लफ लीड्स युनायटेडचा मॅनेजर झाला आणि चव्वेचाळीस दिवसांत त्याला घालवून दिले, ते चव्वेचाळीस दिवस ओळीने, एकामागून एक. दुसरा धागा त्या गुडघ्यापासून लीड्सच्या दारापर्यंतच्या बारा वर्षांचा. लीड्सच्या भागात क्लफ 'मी' म्हणून बोलतो; मागच्या बारा वर्षांत तो स्वतःलाच 'तू' म्हणतो. माणसाने स्वतःशी असे बोलणे आपल्याला नवे नाही. समर्थांनी मनाला किती परींनी समजावले! पण समर्थ मनाला 'सज्जन' म्हणून हाक मारतात. पीसांचा क्लफ मनाला ओरबाडतो. तीच वाक्ये, तेच जिने, तीच दारे, स्टँडखालचे तेच अंधारे बोळ पुनःपुन्हा येतात. पहिल्या पन्नास पानांत मी वैतागलो. शंभराव्या पानावर माझ्या लक्षात आले की रात्री झोप न येणाऱ्या माणसाचे डोके असेच चालते. तिथून पुढे मी पुस्तक खाली ठेवले नाही.

लीड्सची हकिकत अशी. तो संघ त्या वर्षी इंग्लंडचा विजेता होता. डॉन रेव्ही नावाच्या मॅनेजरने तेरा वर्षांत तो शून्यातून उभा केलेला. रेव्ही हाही मूळचा मिडल्सब्रोचाच. तो इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचा मॅनेजर होऊन गेला आणि त्याच्या जागी बोलावले कुणाला, तर ज्याने लीड्सच्या आडदांड खेळावर वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवरून तोंडसुख घेतले त्या क्लफला! म्हणजे ज्या सुनेने सासरला गावभर नावे ठेवली तिच्याच हाती कोठीच्या किल्ल्या दिल्या. खेळाडूंनी पुढे सांगितले आहे की आल्या आल्या क्लफने त्यांना तुमची सारी पदके कचऱ्याच्या टोपलीत टाका असे बजावले, कारण ती लबाडीने मिळविलेली. असल्या सलामीनंतर काय व्हावयाचे? लीगच्या सहा सामन्यांत एक विजय. १२ सप्टेंबरला नोकरी गेली. त्याच संध्याकाळी दूरचित्रवाणीवर क्लफ आणि रेव्ही यांना शेजारीशेजारी बसवून बोलते केले. एवढा निष्ठुर प्रसंग कादंबरीकाराने कल्पनेने रचला असता तर आपण त्याला अतिरंजित म्हटले असते.

पीसांच्या कादंबरीतला क्लफ या चव्वेचाळीस दिवसांत पितो, शिव्या देतो, रेव्हीचे टेबल कुऱ्हाडीने फोडतो. रेव्ही गेलेला असून भिंतीभिंतीतून त्याच्या कानांशी बोलतो. एक सूडाने आणि भीतीने पोखरलेला माणूस आपल्यापुढे उभा राहतो, आणि तो विलक्षण जिवंत आहे. कादंबरी म्हणून हे पुस्तक मोठे आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मराठीत खेळाडूवर असे कुणी लिहिलेले मी तरी वाचलेले नाही.

पण क्लफच्या घरच्यांना ते मुळीच आवडले नाही. लीड्सचा जुना खेळाडू जॉनी जाइल्स तर प्रकाशकाविरुद्ध कोर्टात गेला आणि कादंबरीतला काही मजकूर पुढे गाळावा लागला. यावर आमच्यातले काही लेखक म्हणतील, कादंबरी ही कादंबरी, तिला साक्षीपुराव्याचे बंधन कसले? मला हे इतके सोपे वाटत नाही. क्लफ वारला २००४ मध्ये; पुस्तक निघाले २००६ मध्ये. विधवा हयात, मुले हयात. त्या बाईने आपल्या नवऱ्याच्या नावाने 'मी' म्हणून बोलणारा हा परका माणूस वाचला असेल तेव्हा तिला काय झाले असेल? शिवकालावर लिहिणाऱ्याला ही अडचण नसते. तिथे उठून 'हे असे नव्हते' म्हणणारे कुणी घरी बसलेले नाही.

तरीसुद्धा माझी तक्रार तपशिलाची नाही. टेबल फोडले की नाही फोडले, दारू चार पेले की आठ, हे कोर्टाने पाहावे. माझी तक्रार निवडीची आहे. ज्या माणसाने चाळीसएक वर्षे फुटबॉलमध्ये काढली त्याचे चव्वेचाळीस दिवस उचलावयाचे, आणि तेही ज्यांत तो सर्वांत एकटा होता ते!

इथे दुसऱ्या माणसाला आत आणले पाहिजे. त्याचे नाव पीटर टेलर. १९५५ मध्ये तो गोलरक्षक म्हणून मिडल्सब्रो संघात आला. क्लफ तेव्हा रांगेत मागे उभा असलेला, कुणी ढुंकून न पाहणारा पोरगा. टेलरने त्याला सरावात पाहिले आणि ज्याला त्याला सांगत सुटला की या पोरासारखा दुसरा इथे नाही. स्वतः टेलर बेताचाच खेळाडू, पण त्याला पाहावयाचा डोळा होता. माणूस पाहिला की तो पुढे काय होईल हे त्याला दिसे. असे लोक प्रत्येक धंद्यात असतात आणि बहुधा दुसऱ्याच्या नावाखाली गडप होतात.

१९६५ मध्ये हार्टलपूल्स या तळच्या, कंगाल संघाने तिशीतल्या क्लफला मॅनेजर नेमले, तेव्हा त्याने पहिली हाक टेलरला मारली. टेलरची स्वतःची बरी चाललेली मॅनेजरकी होती; ती सोडून तो जखमांवर पाण्याचा स्पंज फिरविणाऱ्याच्या हुद्द्यावर आला, कारण त्या संघाला सहायक मॅनेजर ठेवणे परवडत नव्हते. क्लफने संघाची बस हाकण्याचा परवाना काढला. दोन वर्षांनी दोघे डार्बीला गेले. दुसऱ्या वर्गात रुतलेला हा संघ १९६९ मध्ये पहिल्या वर्गात आला आणि १९७२ मध्ये इंग्लंडचा विजेता झाला. रॉय मॅकफार्लंड नावाच्या पोराला त्यांनी रात्री झोपेतून उठवून करारावर सही करावयाला लावली, ही गोष्ट तिकडे अजून सांगतात. टेलर शोधायचा, क्लफ गळी उतरवायचा. एकाचा डोळा आणि दुसऱ्याची जीभ. पुढे मालकांशी भांडण होऊन १९७३ च्या ऑक्टोबरात दोघांनी डार्बी सोडले, ते ब्रायटन या समुद्रकाठच्या तिसऱ्या वर्गातल्या संघाकडे गेले, आणि तिथून क्लफ लीड्सला निघाला तेव्हा टेलर म्हणाला, मी येत नाही.

बस्स. चव्वेचाळीस दिवसांचे सारे रहस्य मला इथे दिसते. पीसांना ते दिसले नाही असे नव्हे. त्यांच्या कादंबरीतला सर्वांत खरा भाग कोणता म्हणाल, तर रिकाम्या खुर्चीचा. लीड्सच्या त्या बोळांतून क्लफ फिरतो तेव्हा रेव्हीचे भूत त्याच्या मागे असते असे लेखक सांगतो. मला मात्र पानोपानी वाटत राहिले की त्याच्या शेजारी कुणी नाही. 'मी' आणि 'तू' असे दोन आवाज लेखकाने योजले आहेत ना? दोन्ही एकाच माणसाचे. दुसरा माणूस नसला की मग माणूस स्वतःलाच 'तू' म्हणू लागतो.

आणि कादंबरीत हसू नाही. क्लफला ओळखणारे, अगदी त्याच्यावर रागावलेलेसुद्धा, त्याच्या विनोदाची आठवण काढल्याशिवाय राहत नाहीत. आपण इंग्लंडमधले सर्वोत्तम मॅनेजर आहोत असा आपला दावा नाही, मात्र पहिल्या एकात आपण आहोत, असे हा गृहस्थ म्हणत असे. नॉटिंगहॅमचे बातमीदार डंकन हॅमिल्टन वीस वर्षे त्याच्याजवळ वावरले. त्यांनी २००७ मध्ये आठवणींचे पुस्तक लिहिले. त्यात दारू आहे, दांडगाई आहे, पण माणूस खदखदून हसतोही आहे. कादंबरी वाचून मी क्लफला घाबरलो; हॅमिल्टन वाचून त्याच्याबरोबर एकदा चहा घ्यावासा वाटला.

(मी क्लफला सरसकट एकेरीत संबोधतो आहे आणि पीस यांना आदराने, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानी आले असेल. कादंबरीतले पात्र आणि घरातला माणूस यांना आपण 'अहो' म्हणत नाही.)

लीड्सनंतर काय झाले? जानेवारी १९७५ मध्ये क्लफ नॉटिंगहॅम फॉरेस्टला गेला. दुसऱ्या वर्गातला सामान्य संघ. दीड वर्ष तो सामान्यच राहिला. जुलै १९७६ मध्ये टेलर आला. पुढचे आकडे मी फक्त मांडतो. १९७७ मध्ये पहिल्या वर्गात प्रवेश. १९७८ मध्ये इंग्लंडचे विजेतेपद. लीगमध्ये सलग ४२ सामन्यांत हार नाही. हा विक्रम मोडला तो २००४ च्या ऑगस्टमध्ये, क्लफच्या मृत्यूच्या जेमतेम महिनाभर आधी. १९७९ मध्ये म्युनिक येथे आणि १९८० मध्ये माद्रिद येथे, असा दोनदा युरोपचा चषक. स्वतःच्या देशाचे विजेतेपद एकदा आणि साऱ्या युरोपचे दोनदा, असा दुसरा संघ नाही.

आणि हे कुणाच्या जिवावर? आडमुठा म्हणून बदनाम झालेल्या केनी बर्न्सच्या पाळतीवर टेलर कुत्र्यांच्या शर्यतीपर्यंत गेला. त्याने आघाडीच्या या खेळाडूला बचावात आणले आणि १९७८ मध्ये बर्न्स वर्षाचा उत्कृष्ट फुटबॉलपटू ठरला. गॅरी बर्टल्स गालिचे बसविण्याचे काम करीत गावच्या संघात खेळे. त्याला दोन हजार पौंडांत उचलले. आणि जॉन रॉबर्टसन! स्थूल, सिगारेट ओढणारा, पायांत वेग नसलेला. वर्गात शेवटच्या बाकावर खिडकीबाहेर बघत बसणारी मुले असतात, तशातला. म्युनिकला त्याच्याच पासवर ट्रेव्हर फ्रान्सिसने गोल केला, आणि माद्रिदचा एकमेव गोल रॉबर्टसनचा स्वतःचा. वाचकांनी हे नाव लक्षात ठेवावे.

१९८२ मध्ये टेलर निवृत्त झाला. दोन वर्षांपूर्वी त्याने क्लफबरोबरच्या दिवसांवर, क्लफला न सांगता, एक पुस्तक छापले होते. ती अढी होतीच. काही महिन्यांतच निवृत्ती सोडून तो जुन्या डार्बीचा मॅनेजर झाला. मे १९८३ मध्ये क्लफ कसल्याशा धर्मादाय कामासाठी डोंगरवाटेने पायी निघालेला असताना टेलरने रॉबर्टसनला डार्बीकडे ओढले. करार संपलेला होता, कायद्याने काही चुकले नव्हते. पण टेलरने सांगितले नाही. क्लफने वर्तमानपत्रांतून त्याच्यावर विष ओकले. त्यानंतर दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. ऑक्टोबर १९९० मध्ये टेलर मायोर्का बेटावर वारला. सात वर्षे.

क्लफ अंत्यविधीला गेला. १९९४ मध्ये आत्मचरित्र लिहिले ते टेलरला अर्पण केले, आणि त्या अर्पणपत्रिकेत हसणे संपल्याची कबुली दिली. सबंध आत्मचरित्रात इतकी साधी वाक्ये दुसरी नाहीत.

पीस यांची कादंबरी १९७४ मध्ये थांबते. २००९ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला. दिग्दर्शक टॉम हूपर, क्लफच्या भूमिकेत मायकेल शीन आणि टेलरच्या भूमिकेत टिमथी स्पॉल. माझ्या त्याच विद्यार्थ्याने तो मला दाखविला. शीनचे काम अफाट आहे, आणि कादंबरीत हरवलेले हसू चित्रपटात पुष्कळसे परत आले आहे. पण शेवटी काय होते? लीड्सहून हाकललेला क्लफ तडक ब्रायटनला जातो, टेलरची गुडघे टेकून माफी मागतो, दोघे गळ्यात गळा घालतात. विद्यार्थ्याने डोळे पुसले. मी उठून खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

हा शेवट खोटा आहे. टेलर परत आला तो जवळजवळ दोन वर्षांनी, आणि गुडघे टेकण्याच्या वेळी, म्हणजे १९८३ नंतर, कुणीच गुडघे टेकले नाहीत. पण तो का खोटा आहे हे मला सनावळी न पाहताही कळले असते, कारण असला शेवट मी स्वतः लिहिलेला आहे.

माझ्या तिसऱ्या कादंबरीत दोन भाऊ आहेत. जमिनीवरून तुटलेले. शेवटच्या पन्नास पानांत मी त्यांना बापाच्या वर्षश्राद्धाला एकत्र आणले, रडविले आणि एका ताटात जेवविले. लोकांना ते आवडले. माझा एक मित्र होता, आमच्याच शाळेत भूगोल शिकवायचा. माझ्या पहिल्या दोन कादंबऱ्यांचे प्रत्येक प्रकरण त्याने हस्तलिखितात वाचलेले. तो लिहीत नसे, पण कुठले पात्र श्वास घेते आणि कुठले नाही हे त्याला पाचव्या ओळीला कळे. तिसरी मी त्याला न दाखविता प्रकाशकाकडे पाठविली. घाई होती असे मी स्वतःला सांगितले. प्रकाशनाच्या समारंभात चार माणसांदेखत तो म्हणाला, "शेवटची पन्नास पानं खोटी आहेत." ते खरे होते. म्हणूनच मी त्याच्याकडे जाणे बंद केले. एका गावात, दोन गल्ल्यांच्या अंतरावर, आणि काही वर्षे तर एकाच शिक्षकखोलीत आम्ही एकमेकांना ओलांडून वावरलो. परवाच्या पावसाळ्यात तो गेला. मी खांदा द्यायला गेलो होतो. त्याच्या बायकोने मला पाहिले आणि काही न बोलता पाण्याचा तांब्या पुढे केला.

क्लफला साधू बनवावे असे माझे म्हणणे मुळीच नाही. कादंबरीकाराला काळोखच हवा होता तर तो लीड्समध्ये नव्हता, पुढे होता. जस्टिन फॅशानू हा कृष्णवर्णी, समलिंगी खेळाडू दहा लाख पौंड मोजून आणला आणि त्याच्या खासगी जीवनावरून क्लफने त्याचा पाणउतारा केला. स्वतःच्याच आत्मचरित्रात त्याने तो प्रसंग सांगितला आहे. फॅशानूने १९९८ मध्ये जीव दिला. हिल्सबरो येथे १५ एप्रिल १९८९ रोजी फॉरेस्ट आणि लिव्हरपूल यांच्या सामन्यात चेंगराचेंगरी झाली, तिच्यात ९७ माणसे गेली. क्लफने त्याचा दोष लिव्हरपूलच्या प्रेक्षकांवर ठेवला. २०१६ मध्ये चौकशीच्या ज्यूरीने प्रेक्षकांना निर्दोष ठरविले; तोवर क्लफ हयात नव्हता. मेलेल्यांच्या आईबापांना त्याने जे दुखविले त्यावर पांघरूण घालता येणार नाही. दारूने त्याचा चेहरा सोलून निघाला होता. १९९३ मध्ये फॉरेस्ट पहिल्या क्रमांकाच्या लीगमधून शेवटचा येऊन खाली घसरला, आणि अठरा वर्षांनंतर क्लफ घरी बसला. मैदानावरचे लोक तरीही त्याच्या नावाचा घोष करीत होते. हे सारे मूळ कादंबरीच्या कक्षेबाहेर राहिले.

डार्बी आणि नॉटिंगहॅम यांमध्ये पंचवीसएक किलोमीटरचा रस्ता आहे. २००५ मध्ये त्याला क्लफचे नाव दिले. नॉटिंगहॅमच्या चौकात क्लफचा पुतळा आहे, तो एकट्याचा. डार्बीच्या स्टेडियमबाहेर २०१० मध्ये पुतळा बसविला, त्यात मात्र टेलर शेजारी आहे. विद्यार्थ्याने मला दोन्हींची चित्रे दाखविली. डार्बीतल्या पुतळ्याकडे मी बराच वेळ पाहत होतो. ब्राँझमध्ये काय, दोघांना जवळ उभे करणे सोपे असते.

ही कादंबरी मला लिहावयाची असती, तर मी ती मे १९८३ मध्ये सुरू केली असती. डोंगरात चालणारा, पायांना फोड आलेला, अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस. गुडघा जुनाच दुखरा. आणि खालून कुणीतरी बातमी घेऊन चढत येतो आहे की रॉबर्टसनने सही केली. तिथून सात वर्षे. एकही भेट घालावयाची नाही. फोन उचलून ठेवणेसुद्धा नाही. फार तर त्याच रस्त्याने जाणाऱ्या दोन गाड्या. पहिली दहा-बारा पाने मी गंमत म्हणून वहीत उतरविलीही आहेत, मिडल्सब्रो न पाहिलेल्या माणसाने लिहावी तशी.

परवा विद्यार्थ्याचा फोन आला होता. पुस्तक परत हवे आहे म्हणाला. वहीचे मी त्याला सांगितले. "सर, शेवट काय करणार?" असे त्याने विचारले. मी म्हणालो, शेवटची पन्नास पाने लिहून झाली म्हणजे ती कुणाला दाखवावयाची, तेवढे आधी सांग.